खाणीच्या स्टेशनाचा इतिहास

लेकीने फोनवर कुणाला तरी सांगितलं, की आईला आता काही आठवत नाही. दार लोटलेलं होतं, पण या इमारतीतली दारं कागदाचीच, आणि मास्तरीणबाईंचे कान काही कुणाकडून उसने आणलेले नव्हते. "नाही हो," लेक म्हणत होती, आजाऱ्याच्या खोलीबाहेर बोलतात तशा आवाजात, "तिला विचारून उपयोग नाही. माणसं ओळखते, दोन घास खाते, एवढंच. जुनं सगळं पुसलं गेलंय." पुसलं गेलंय! जशी काही फरशीच. मास्तरीणबाई कॉटवर बसून मटार सोलत होत्या. त्यांची बोटं थांबली आणि एक दाणा उडून कॉटखाली गेला. चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांना कुणी आगाऊ म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं, सख्ख्या नणंदेने तर तोंडावर कैदाशीण म्हटलं होतं, आणि त्यातलं एकही त्यांना फारसं लागलं नव्हतं. हे मात्र लागलं. क्वार्टरच्या उंबऱ्यापासून फलाटाच्या टोकापर्यंत एकशे बारा पावलं होती, हे त्यांना आठवत होतं. नवऱ्याच्या, म्हणजे स्टेशनमास्तरांच्या, काळ्या कोटाचं तिसरं बटण वेगळं होतं, ते त्यांनी स्वतः लावलं होतं, हेही आठवत होतं. आणि ही बया, जिच्या नाकाला शेंबूड असल्यापासूनचं सगळं त्यांच्याकडे जमा आहे, ती जगाला सांगत सुटली आहे की म्हातारी संपली.

शेजारच्या मोकळ्या जागेत नव्या इमारतीचे खांब ठोकत होते. सकाळी आठला ते यंत्र सुरू होई आणि लोखंडाचा एक प्रचंड ठोकळा वर जाऊन खाली पडे. मग चौथ्या मजल्यावरच्या या खोलीत कपाटातल्या बशा एकमेकींना अंग लावत. दोन ठोक्यांच्या मधे जी गप्प जागा असे ती मास्तरीणबाईंना ठोक्यापेक्षा जास्त छळायची. आता पडेल, आता पडेल, असं वाटत राहायचं, आणि पडेपर्यंत श्वास अर्ध्यावर अडकून राहायचा. "कोण होतं गं फोनवर?" त्यांनी विचारलं. "कुणी नाही. पुस्तकाचं काम," लेक म्हणाली आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेली. जाताना तिने आईकडे बघितलं नाही. चौसष्ट वर्षांची झाली, तरी काही लपवायचं असलं की डोळे भिंतीकडे. न्हाणीघराची कडी लागली, पाणी सुरू झालं. आज डोक्यावरून अंघोळ म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

पुस्तकाचं हे खूळ आठ महिन्यांचं. तीस वर्षं वाचनालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावून लेक निवृत्त झाली आणि तिला स्वतःचं एक हवंसं झालं. खाणीचं ते बंद पडलेलं स्टेशन आता रंगवणार होते, आत बाकं टाकणार होते, भिंतीवर जुनी चित्रं लावणार होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात द्यायला स्टेशनाचा इतिहास छापणार होते. ते काम स्टेशनमास्तरच्या मुलीला मिळालं. तिने मग खाणीतले मजूर शोधले, एक आंधळा गार्ड शोधला, कचेऱ्यांतून धूळ खाल्ली. आईला काय विचारलं? पाण्याची टाकी कुठल्या रंगाची होती, घंटा पितळेची होती की रुळाच्या तुकड्याची, क्वार्टरमधे साप निघायचे का. बस्स. अपघाताच्या त्या दिवसाबद्दल आठ महिन्यांत अवाक्षर नाही. मास्तरीणबाईंना वाटायचं, चौथी शिकलेल्या बाईकडून काय माहिती घ्यायची, असा हिचा तोरा असणार. मनातून त्या त्या तोऱ्यावर खूश होत्या. तो होता म्हणून प्रश्न टळत होता.

पण आज त्या उठल्या. मटाराची ताटली बाजूला ठेवली, भिंतीला हात लावत लेकीच्या टेबलाशी गेल्या आणि खुर्चीत बसल्या. छापायला जायचे कागद पिवळ्या पाकिटात होते. मास्तरीणबाई वाचत ते बोट ठेवून, ओठ हलवत, अक्षराला अक्षर जोडून. त्यामुळे त्यांना वाचता येत नाही असा लोकांचा समज होता आणि तो त्यांनी मोडला नव्हता. पहिल्या पानावर लेकीने लिहिलं होतं, की सदर स्थानक प्रामुख्याने दगडाच्या वाहतुकीसाठी उभारण्यात आले. सदर! घरात तर "आई, तुझी कवळी कुठाय" म्हणते. पुढे होतं, की स्थानकाची रचना साधी परंतु देखणी होती. देखणी कसली? एक फलाट, दोन रूळ, एक कचेरी, एक प्रतीक्षालय ज्यात कुणी प्रतीक्षा करायचं नाही, तीन क्वार्टर आणि भोवती पांढरी धूळ. खाणीतून धूळ यायची ती दुधावर बसायची, पापण्यांवर बसायची, बाळंतिणीच्या खोलीत यायची. एकोणीस वर्षांच्या मास्तरीणबाई त्या फलाटावर उतरल्या तेव्हा त्यांच्या मागे एक ट्रंक होती आणि पुढे काहीच नव्हतं. पण हमालाने वाकून "या बाईसाहेब" म्हटलं, पॉइंट्समनने ट्रंक डोक्यावर घेतली, आणि माहेरी सहा बहिणींत पाचवी असलेल्या मुलीला पहिल्यांदा कळलं की आपण कुणीतरी आहोत. त्या दिवसापासून ते स्टेशन त्यांचं झालं. मास्तर गाड्या सांभाळत, आणि मास्तरीणबाई बाकी सगळं. हमालाने पाणी भरायचं, पॉइंट्समनने लाकडं फोडायची. हे कुठल्या नियमात नव्हतं, पण आडबाजूच्या सगळ्या स्टेशनांवर असंच चालायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

पॉइंट्समनला सगळे कंदील म्हणत. मान बारीक, डोकं मोठं, आणि हसला की तोंड उजळायचं म्हणून. रुळांचे सांधे बदलायचे, बावटा दाखवायचा, आणि आलेल्या मालगाडीचं शेपूट बघायचं, हे त्याचं काम. फलाटाच्या खालच्या टोकाला दगडांचे ढीग होते, त्यांच्याआड मालगाडीचा मागचा भाग कचेरीतून दिसायचा नाही. म्हणून कंदीलने तिथं उभं राहायचं, शेवटच्या डब्यावरची पाटी डोळ्यांनी बघायची आणि मग हिरवा बावटा वर करायचा. पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मागे रुळावर काही राहिलं नाही. मग मास्तर कचेरीतल्या यंत्रातून लोखंडी गोळा काढून समोरच्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचे. तो गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर एकेरी रुळावर पाऊल टाकायचा नाही. मास्तरीणबाईंना हे सगळं पाठ होतं. जेवताना मास्तर दुसरं बोलायचेच नाहीत. "एवढ्याशा पाटीचं काय कौतुक," त्या म्हणायच्या. "त्या पाटीवर माणसं झोपतात," मास्तर म्हणायचे आणि ताक मागायचे.

ठोकळा पडला. बशा वाजल्या. मास्तरीणबाईंनी पान उलटलं. अपघात, असं वर लिहिलं होतं, आणि खाली फक्त अर्धं पान. मेलेल्या नऊ माणसांना अर्धं पान. पॉइंट्समन त्याच्या जागेवर हजर नव्हता, असं लिहिलं होतं. त्याने हिरवा बावटा दगडांच्या ढिगात रोवून ठेवला होता आणि तो पाहून स्टेशनमास्तरांचा गैरसमज झाला, असं लिहिलं होतं. चौकशीत पॉइंट्समनला बडतर्फ करण्यात आले. खरं तर हे सगळं चौकशीच्या कागदांत होतंच, लेकीने उतरवून काढलं असणार. मास्तरीणबाईंचं बोट पुढे सरकलं आणि एका ओळीवर अडलं. तिथे लेकीने आपलं स्वतःचं एक वाक्य घातलं होतं. "त्या दिवशी मी तापाने घरात पडून होते, त्यामुळे मला या घटनेची प्रत्यक्ष आठवण नाही." त्यांनी ते पुन्हा वाचलं. हे वाक्य लेकीचं नव्हतंच. हे त्यांचं होतं. पंचावन्न वर्षांपूर्वी, कचेरीत तीन साहेबांच्या समोर, हात टेबलाखाली घट्ट धरून त्यांनी ते म्हटलं होतं: मुलगी तापाने घरात पडून होती, साहेब. ते त्यांनी घरी कधी उच्चारलं नव्हतं. मग ते या पोरीच्या हातात आलं कुठून? कचेरीतल्या धुळीतून. आईची जबानी तिने वाचली होती. वाचली, आणि खोटं आहे हे ठाऊक असून उचलून आपल्या नावाखाली ठेवली.

त्या दिवशी मोठी बहीण येणार होती. नवरा शहरात बडा अधिकारी, अंगावर लोकरी कोट. ती पहिल्यांदाच येत होती आणि क्वार्टरमधे बसायला लाकडी बाक होतं, ज्याचा एक पाय विटेवर. प्रतीक्षालयात मात्र एक वेताची आरामखुर्ची होती, वर्षानुवर्षं रिकामी. मास्तरीणबाई फलाटाच्या खालच्या टोकाला गेल्या. कंदील तिथं उभा होता आणि नऊ वर्षांची लेक त्याच्याशेजारी दगडावर बसून पाय हलवत होती, ती सुट्टीत कायम तिथंच असायची. "कंदील, ती वेताची खुर्ची घरी पोचव." "बाईसाहेब, मालगाडी निघालीय तिकडून. ती येऊन जाऊ दे, मग खुर्चीच काय, अख्खं प्रतीक्षालय उचलून आणतो." "माझी बहीण काय विटेवर बसणार? पाच मिनिटांचं काम. गाडी काय आज नवीन येतेय?" कंदीलने मान खाजवली. मग हसला. "तुमच्यापुढे साहेब बोलत नाहीत, मी कोण," असं म्हणून त्याने गुंडाळलेला हिरवा बावटा मुलीच्या हातात दिला. "धर गं जरा, आलोच. हलवू नकोस बरं का." आणि तो खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन क्वार्टरकडे चालू लागला, पुढे तो आणि मागे मास्तरीणबाई, धक्का लागेल, दार सांभाळ, असं ओरडत. खुर्ची दारात अडकली. पाय आडवे करून, तिरकी करून ती आत घ्यायला वेळ लागला. तेवढ्यात मालगाडी आली. मास्तरांनी कचेरीच्या दारातून बघितलं, ढिगाच्या वर हिरवा बावटा दिसला. त्यांनी गाडी आल्याची नोंद केली. मग समोरून पॅसेंजर आली, बहीण उतरली, ड्रायव्हरने गोळा घेताना मास्तरीणबाईंना म्हटलं, "वहिनी, पाहुणे आणून सोडले, चहा राहिला तुमच्याकडे," आणि पॅसेंजर गेली.

बहीण त्या खुर्चीत बसली, टेकली, म्हणाली, "छानच आहे गं तुझं." त्याच वेळी तो आवाज झाला. तो मोठा नव्हता. लोक म्हणतात कानठळ्या बसल्या, ते खोटं. दूर कुणीतरी भांड्यांचं पोतं खाली ठेवावं, तसा होता. आणि नंतर इतकी शांतता, की बहिणीच्या कपातला चमचा वाजला तो त्यांना आजही ऐकू येतो. मालगाडीचे मागचे अकरा डबे तुटून वळणापलीकडे रुळावरच राहिले होते, आणि पॅसेंजर त्यांच्यावर जाऊन आदळली होती. त्यांचा गार्ड लाल बावटा घेऊन वळणाकडे धावत होता, तो पोचला नाही. मास्तर अनवाणी धावले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांनी दारातून खुर्चीकडे बघितलं, मग कंदीलकडे, मग बायकोकडे. एक शब्द विचारला नाही. त्यानंतर सत्तावीस वर्षं जगले आणि तो एक शब्द त्यांनी कधीच विचारला नाही. ते घरात असत, तेव्हा मास्तरीणबाईंना सारखं वाटे की आता विचारतील. भाकरी तव्यावर असताना, दिवा मालवताना, आता. चौकशीत कंदील म्हणाला, बावटा मीच दगडात रोवला होता, लघवीला गेलो होतो. पोरीचं नाव नाही, खुर्चीचं नाही, बाईसाहेबांचं तर नाहीच. साहेबांनी मास्तरीणबाईंना बोलावलं. त्याला तुम्ही कुठं पाठवलं होतं? नाही. तिथं आणखी कुणी होतं? नाही, माझी मुलगी तापाने घरात पडून होती. कंदील भिंतीला टेकून उभा होता आणि त्याने मान हलवली, बरोबर आहे, अशी. चौथ्या दिवशी तो बायको आणि तान्हा मुलगा घेऊन गाडीत चढला. मास्तरीणबाई क्वार्टरच्या खिडकीआडून बघत होत्या, बाहेर आल्या नाहीत.

स्टेशन तसं सहा वर्षांनी बंद झालं. खाण संपली, नवा रूळ दुसरीकडून गेला, असं लेकीने लिहिलंय आणि ते खोटं नाही. पण त्या सहा वर्षांत मास्तरीणबाईंनी बघितलं होतं: गाडी थांबायची तेव्हा माणसं खिडकीतून बाहेर न बघता बसायची. कुणी उतरायचं नाही. नवा पॉइंट्समन बोलायचा नाही. खुर्ची त्यांनी परत प्रतीक्षालयात ठेवली आणि तिथं तिला वाळवी लागली. पोरीला पुन्हा त्या टोकाला जाऊ दिलं नाही. लहान आहे, तिला काय कळलंय, हवेने उडालेल्या चिंधीसारखा हातातला बावटा वर झाला असेल, विसरेल. असं त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते खरंच होऊन बसलं. खोटं बोलले ते पोरीसाठी, आईने दुसरं काय करायचं. या एका वाक्यावर त्या पंचावन्न वर्षं पाठ टेकून बसल्या होत्या.

टेबलावरचा फोन वाजला. न्हाणीघरात पाणी चालू होतं. मास्तरीणबाईंनी तो उचलला, लेक करते तसं बोट सरकवलं आणि कानाला लावला.

"ताई, परत त्रास देतो," एक पुरुषी आवाज म्हणाला, थकलेला, सभ्य. "मघाशी एक राहिलंच."

"ताई अंघोळीला गेलीय. मी तिची आई."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "नमस्कार करतो, बाईसाहेब. मला कंदीलचा मुलगा म्हणा, तुम्हाला तेच कळेल. माझं नाव तुम्ही ऐकलंही नसेल. मी तेव्हा पाळण्यात होतो."

ठोकळा वर गेला असावा. खाली पडला नव्हता.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "ताई म्हणाल्या, तुम्हाला त्रास नको. पण आता आवाज ऐकला म्हणून... बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, बावटा दगडात रोवला होता. बाईसाहेब, मी त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं राहिलो. हातातली वस्तू ते कधी कुठं टेकवून ठेवायचे नाहीत. छत्रीसुद्धा नाही. दुसरं काही करायचं झालं तर हाक मारायचे, धर रे जरा, आलोच. त्यांनी तो कुणाच्या तरी हातात दिला असणार. कुणाच्या, एवढंच. मी भांडायला येत नाही. पण आता ते छापून येणार, भिंतीवर लागणार. माझी नात वाचायला शिकलीय. ती विचारेल, पणजोबांनी नऊ माणसं मारली का. तिथं कोण होतं, बाईसाहेब?"

मास्तरीणबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, जो त्यांनी आयुष्यात कधी काढला नव्हता. पातळ, लोंबणारा, म्हातारा. "कोण कंदील?" तो आवाज म्हणाला. "आमच्याकडे लाइट आहे हो."

"काही नाही, आजी," तो माणूस फार हळू म्हणाला. बाईसाहेब म्हणाला नाही. "जपा." आणि फोन बंद झाला. खाली ठोकळा पडला, बशा वाजल्या, आणि मास्तरीणबाईंनी फोन मांडीवर उपडा ठेवला. इतका स्वस्त सौदा त्यांनी कधी केला नव्हता. पुसलं गेलंय या ज्या शब्दासाठी सकाळपासून लेकीला मनात शिव्या घातल्या, तो शब्द गरज पडताच त्यांनी अंगावर ओढून घेतला होता आणि त्यात ऊब होती. ती ऊब सगळ्यात घाण होती.

लेक केस पुसत बाहेर आली. आईच्या मांडीवर फोन, टेबलावर उघडी पानं. तिचे हात डोक्यावरच राहिले.

"कुणाचा होता?"

"त्याचा. कंदीलच्या मुलाचा."

"काय म्हणाला?"

"विचारत होता तिथं कोण होतं."

"मग?"

"मी म्हटलं, कोण कंदील."

लेकीच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. खांदे खाली आले. "बरं केलंस, आई," ती म्हणाली. "खूप बरं केलंस." आणि टॉवेलने मान पुसू लागली.

"तुला ताप नव्हता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

लेक कॉटवर बसली. डोळे समोरच्या भिंतीकडे. मग म्हणाली, "तुला वाटतं मी खेळत होते. नव्हते. कंदीलकाकांनी मला सगळं शिकवलं होतं. शेवटच्या डब्यावर पाटी असते, ती बघायची. मी बघितली, आई. नव्हती. शेवटचा डबा गेला आणि पाटी नव्हती. आणि बाबा दारातून माझ्याकडे बघत होते. म्हणजे बावट्याकडे. ते वाट बघत होते. मला वाटलं, मोठी माणसं थांबलीयत, आपण उशीर करतोय. मी वर केला."

मास्तरीणबाईंना पाठीमागची भिंत कुणी काढून घेतल्यासारखं झालं. म्हणजे या पोरीने पंचावन्न वर्षं हे घेऊन जेवण केलं, शाळा केली, नोकरी केली. लग्न केलं नाही. आणि आपण शेजारच्या खोलीत, तिला काही कळलं नाही म्हणून निवांत.

"कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. बाबांनीही नाही." लेकीचा आवाज चिरका झाला. "नऊ वर्षांची होते मी! काय करायचं होतं मी? आता काय करू? लोक काय म्हणतील, स्टेशनमास्तरच्या मुलीने... तुला या वयात कोर्टात उभं करतील. तुझ्यासाठीच लिहिलंय ते. तुझी जबानी खोटी पडू नये म्हणून."

"माझ्यासाठी," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या शब्दाची चव त्यांना चांगली माहीत होती. त्यांनी ते पान पाकिटातून वेगळं काढलं, लेकीच्या ओल्या मांडीवर ठेवलं आणि फोन त्याच्यावर ठेवला.

"लाव त्याला. आधी मी बोलते, खुर्चीचं आणि जबानीचं. मग तू. आणि ऐक. नऊ वर्षांच्या पोरीने हात वर केला, तो दोष तिचा नाही, जिने तिथून माणूस हलवला तिचा आहे, माझा. मी खोटं बोलले, तेही माझं. मरेपर्यंत माझंच राहील. पण हे पान नऊ वर्षांच्या पोरीने लिहिलेलं नाही. हे चौसष्ट वर्षांच्या बाईने लिहिलंय, चष्मा लावून, दोनदा वाचून, मेलेल्या माणसाच्या नावावर. एवढा एक दोष तुझा आहे, बाई, आणि तो मी माझ्या अंगावर घेणार नाही."